बावन्न पानांचं गाव

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका खेळाची ओळख करून देणार आहोत. 'आता आमचं काय खेळायचं वय राहिलंय का' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. ह्या खेळात पळायचं नाही, फुगडी घालायची नाही. गुडघे दुखणारीलाही चालेल असा हा खेळ आहे. सतरंजीवर बसायचं, मध्ये चहा घ्यायचा आणि खेळायचं. सामान म्हणाल तर पत्त्यांचा एक कॅट, एक मोठा कागद, पेन्सिल, सापशिडीतले पाच-सहा फासे आणि मूठभर चिंचोके.

पत्ते म्हटलं की घरात भुवया वर जातात, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "पैसे लावून बसलात का गं?" त्यांना आम्ही आत बोलावलं आणि जवळ बसवून घेतलं. अर्ध्या तासानं त्याच विचारत होत्या, "मग आता पुढच्या आठवड्यात गावात काय होणार?" ह्या खेळात पैसे नाहीत. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. आणि पत्ते नकोच असतील तर वहीच्या कागदाच्या बावन्न चिठ्ठ्या करा, तेवढ्यावरही खेळ होतो.

आधी थोडं मागचं सांगतो. आपल्याला जे बैठे खेळ माहीत आहेत, म्हणजे सारीपाट, सापशिडी, त्यात सोंगटी असते आणि ती घराला पोचवायची असते. सापशिडी मुळात आपल्याकडचीच. जुन्या मोक्षपटावर शिडीच्या तळाशी सद्गुण लिहिलेला असे आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडात गेला, तिथं छापला गेला आणि पुढं जगभर झाला. पण त्या पटावर आपण फासा टाकायचा आणि फासा नेईल तिथं जायचं. आपण काय ठरवलं, काय बोललो, ह्याला तिथं जागा नाही.

दुसरी तऱ्हा आहे सोंगाच्या खेळाची. लहानपणी आपण भातुकली मांडत होतो. त्यात कोणी आई, कोणी सासू, कोणी पाहुणा. 'बसा पाहुणे, चहा टाकते' म्हणत खोटा चहा खऱ्या आग्रहानं पाजत होतो. मंगळागौरीच्या खेळात सासू-सुनेचं भांडण लटकंच असतं, पण एखादी सूनबाई त्यात मनातलं खरं बोलून घेते आणि सगळ्याजणी हसतात. गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठणला एकनाथ महाराजांनी भारुडं रचली. तीच गोदावरी पुढं आपल्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा भागातून जाते, आणि भारुडं अजून आपल्या गावागावांत होतात. भारुडकार कधी जोशी होतो, कधी गोंधळी, कधी विंचू चावलेला माणूस. सोंग घेतलं की एरवी बोलता न येणारी गोष्ट बोलता येते, ही युक्ती आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

बैठा खेळ आणि सोंग ह्या दोन्ही तऱ्हा अमेरिकेत काही मंडळींनी एकत्र आणल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. त्याआधी ही मंडळी छोट्या शिपायांच्या लढाया पटावर खेळत. ह्या नव्या खेळात प्रत्येकानं एक माणूस व्हायचं, कोणी योद्धा, कोणी जादूगार. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी 'मी आता हे करतो' म्हणायचं, आणि ते जमलं की नाही हे फासे सांगतात. अशा खेळांना रोल प्लेइंग गेम म्हणतात, आपण भूमिकेचा खेळ म्हणू. आता पुण्या-मुंबईतही तरुण मुलं-मुली असे खेळ खेळतात.

आम्हाला मात्र राक्षस-जादूगारांत फारसा रस नव्हता. आमच्यातल्या एकीची लेक शिकायला बाहेर असते. दिवाळीला आली तेव्हा ती म्हणाली, "आई, एक खेळ आहे, त्यात माणूस व्हायचं नाही, सगळ्यांनी मिळून एक गाव व्हायचं." आमचे कान तिथं टवकारले. त्या खेळाचं नाव 'द क्वायट इयर', म्हणजे शांततेचं एक वर्ष. कॅनडातल्या ॲव्हरी ऑल्डर ह्यांनी तो २०१३ साली काढला. गोष्ट अशी, की मोठ्या संकटातून उरलेली काही माणसं एका जागी राहतात. त्यांना एक वर्षाची उसंत मिळाली आहे. वर्षाच्या शेवटी पुन्हा काहीतरी येणार आहे, काय ते कोणाला ठाऊक नाही. तेवढ्या वर्षात गाव उभं करायचं. वर्षाचे आठवडे बावन्न आणि पत्त्यांची पानंही बावन्न. एक पान उलटलं की एक आठवडा गेला.

मूळ पुस्तक इंग्रजीत आहे. त्या पोरीनं नियम समजावून सांगितले आणि घटना आम्ही आपल्या भागाच्या बसवल्या. आता कसं खेळायचं ते ऐका.

पहिली गोष्ट ऋतूंची. कॅटात चार रंग आणि वर्षाचे चार भाग. मूळ खेळ वसंतात सुरू होऊन हिवाळ्यात संपतो. आपलं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून आम्ही अशी वाटणी केली. बदाम म्हणजे पेरणी, मृगापासून पोळ्यापर्यंत. चौकट म्हणजे गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंतची सुगी, सोयाबीन आणि कापूस. किलवर म्हणजे थंडी, रब्बीची ज्वारी, हुरडा, संक्रांत. आणि इस्पिक म्हणजे होळीनंतरचा उन्हाळा. प्रत्येक रंग वेगळा पिसायचा आणि एकावर एक ठेवायचा, बदाम सगळ्यात वर, इस्पिक सगळ्यात खाली. इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथंच संपतो. तो इस्पिकच्या पानांत कुठंही असू शकतो, पहिल्यालाही आणि शेवटालाही. त्यामुळं उन्हाळा लागला की प्रत्येक पानाला छातीत धडधड होते. आपल्याला उन्हाळ्याची धडधड काही नवी नाही. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आठवत असेल.

दुसरी गोष्ट नकाशाची. कागद मध्ये पसरायचा. प्रत्येकीनं गावाच्या जमिनीची एकेक खूण सांगायची आणि काढायची. चित्र चांगलं यायची गरज नाही. आमच्या कागदावर एक ओढा आला, काळं रान आलं, बाभळीचं बन आलं आणि एक पडकी गढी आली. मग गावाला लागणाऱ्या एकेक गोष्टीचं नाव घ्यायचं. त्यातली एक गोष्ट भरपूर आहे असं ठरवायचं, बाकीच्यांची टंचाई. आमच्याकडं पाणी, वीज, पक्का रस्ता आणि दूध अशी चार नावं निघाली. एकजण म्हणाली, "खेळच आहे तर पाणी भरपूर ठेवू की." त्यावर दुसरी म्हणाली, "पाणी भरपूर असलेलं गाव आपल्याला खेळता यायचं नाही बाई." शेवटी दूध भरपूर ठरलं आणि बाकी तिन्हीची टंचाई.

तिसरी गोष्ट पाळीची. पाळी आली की चार कामं करायची. पान उलटायचं आणि त्या पानाची घटना वाचून काय झालं ते सांगायचं. चालू असलेल्या सगळ्या कामांचे फासे एकेकानं कमी करायचे. एखादं काम पुरं झालं असेल तर ते नकाशावर काढायचं. आणि मग तीनपैकी एक गोष्ट निवडायची: गावात काही नवीन दाखवायचं, नाहीतर चर्चा घ्यायची, नाहीतर एखादं काम सुरू करायचं.

घटना आम्ही वहीत लिहून ठेवल्या होत्या, प्रत्येक पानाला एक. बदाम दुर्री निघाली तर, बाहेरगावी गेलेलं एक कुटुंब परत आलं, त्यांना काय हवंय? चौकट सत्ती निघाली तर, सुगीत सगळ्यांना मजूर एकाच दिवशी पाहिजेत, आधी कोणाचं रान? किलवर राणी निघाली तर, गावातली एक बाई सगळ्यांना शहाणी वाटते, तिच्याबद्दल कोणती अफवा उठली? इस्पिक पंजी निघाली तर, एक जुनी विहीर सापडली, तिच्यावर हक्क कोणाचा? घटनेत नेहमी प्रश्न ठेवायचा आणि जिची पाळी तिनं उत्तर द्यायचं. इतरांनी मध्ये सुचवायचं नाही. हे आम्हाला सगळ्यात जड गेलं. सुचवल्याशिवाय राहणं म्हणजे आमच्यासाठी उपासासारखं होतं.

काम सुरू करायचं तर ते किती आठवड्यांचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, एकापासून सहापर्यंत. तेवढे ठिपके वर करून फासा नकाशावर त्या जागी ठेवायचा. दर आठवड्याला एक ठिपका कमी. विहीर खोल करायला पाच आठवडे, शाळेची खोली नीट करायला चार. पण लक्षात घ्या, काम सुरू करायचं की नाही हे जिची पाळी ती एकटी ठरवते. कोणाला विचारायची गरज नाही.

चर्चेचा नियम ह्याच्या उलट आहे. जिची पाळी ती एक प्रश्न टाकते, नाहीतर एक मत मांडते. मग गोलातली प्रत्येकजण एकदाच बोलते, एक-दोन वाक्यं. उलट उत्तर नाही, 'पण' नाही, दुसऱ्यांदा तोंड उघडायचं नाही. प्रश्न टाकणारी सगळ्यात शेवटी बोलते. मत मांडणारीला पुन्हा बोलता येत नाही, तिचं बोलून झालेलं असतं. आणि चर्चेतून निर्णय काढायचा नाही. सगळ्यांचं ऐकून झालं की चर्चा संपली, पुढचं पान.

आता चिंचोके. वीसेक चिंचोके मध्ये ढीग करून ठेवायचे. खेळ चालू असताना एखादीला वाटलं, की ह्या निर्णयात मला विचारलं नाही, माझा मान राखला नाही, तर तिनं एक चिंचोका उचलून आपल्यापुढं ठेवायचा. का उचलला हे सांगायचं नाही, कोणी विचारायचंही नाही. चिंचोका म्हणजे नाराजी. ती सगळ्यांना दिसत राहते. पुढं कोणी असं काही केलं की मन भरलं, तर चिंचोका परत ढिगात टाकायचा. किंवा स्वतःच्या मतलबाचं काही करायचं असेल, तर 'तेव्हा माझं कुठं ऐकलं होतं' म्हणून चिंचोका खर्च करून ते करायचं.

एक गोष्ट आम्ही आणखी ठेवली. असे खेळ खेळणारे पुष्कळ जण टेबलावर फुली काढलेलं एक पान ठेवतात. गोष्ट एखाद्याला सोसेनाशी झाली की त्या पानावर बोट ठेवायचं. मग तो विषय तिथंच सोडायचा, कारण विचारायचं नाही. आम्हाला आधी वाटलं, आपल्याला कशाला लागतंय. पहिल्याच दुपारी एकीनं घटनेचं उत्तर देताना कर्जापायी गेलेल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सुरू केली. आमच्यातल्या एकीचं बोट हळूच फुलीवर आलं. आम्ही पान खाली घातलं, दुसरं उलटलं आणि चहा ठेवला. त्यानंतर फुलीची चिठ्ठी आम्ही कधी विसरलो नाही, तुम्हीही विसरू नका.

खेळ मुळात दोघी ते चौघींचा आहे. आम्ही आठजणी होतो, म्हणून दोघी-दोघींच्या जोड्या केल्या. बावन्न पानांना वेळ फार लागतो. आम्ही इस्पिकचा राजा जपून ठेवून प्रत्येक रंगातली चार-चार पानं काढून टाकली. छत्तीस पानं उरली आणि दोन दुपारींत खेळ झाला. मधल्या वेळात कागद गुंडाळून कपाटावर ठेवला होता.

आता त्या दोन दुपारी काय झालं ते सांगतो, कारण खेळ खरा तिथंच कळला.

पहिल्या दुपारी चौकटीची पानं सुरू झाली होती. एका जोडीनं ओढ्यावर बंधारा घालायचं काम सुरू केलं. सहा आठवडे. कोणाला विचारलं नाही, विचारायचा नियमच नव्हता. आम्ही बाकीच्यांनी तर मान हलवली. बंधाऱ्याला नाही कोण म्हणतंय? आमच्यात एक मावशी आहेत. गटाच्या बैठकीला नेमानं येतात, हप्ता वेळेवर भरतात, पण बोलायची वेळ आली की म्हणतात, "तुम्ही ठरवा बायांनो, मला काय कळतंय त्यातलं." त्या मावशींनी हात पुढं केला आणि एक चिंचोका उचलून आपल्या पदराजवळ ठेवला.

सगळ्या गप्प झाल्या. बंधारा घालणारी म्हणाली, "मावशी, काय चुकलं?" तिला आम्ही नियमाची आठवण दिली. विचारायचं नाही. पण खरं सांगतो, पुढची तीन-चार पानं आमचं लक्ष नकाशावर कमी आणि त्या चिंचोक्यावर जास्त होतं.

बंधारा पुरा झाला. दुसऱ्या जोडीनं चर्चा घेतली: "साठलेलं पाणी आधी कोणाला द्यायचं?" गोल सुरू झाला. कोणी म्हणालं पिकाला, कोणी म्हणालं प्यायला, कोणी म्हणालं जनावरांना, कारण गाव दुधावर चाललंय. मावशींची पाळी आली. आम्हाला वाटलं, 'मला काय कळतंय' म्हणतील. मावशी म्हणाल्या, "बंधाऱ्याच्या खाली ओढ्याला कोण राहतंय, ते तुम्ही कागदावर काढलंच नाही."

नियमाप्रमाणं उत्तर कोणाला देता येत नव्हतं. ते बरंच झालं. उत्तर देता आलं असतं तर आम्ही लगेच म्हणालो असतो, 'अगं मावशी, खाली कुठं कोणी आहे, नुसता कागद आहे.' मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी 'नवीन दाखवणं' निवडलं. पेन्सिल हातात घेतली आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला चार घरं काढली. घरं वाकडीतिकडी, पण त्यांच्यापुढं रांगेत घागरी नीट काढल्या. मावशींचं स्वतःचं घर आमच्या गावात नळाच्या लाइनीच्या शेवटाला आहे. तिथं पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, कधी पोचतही नाही. हे आम्हाला कितीतरी वर्षांपासून माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे, कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दुपारी किलवरची पानं संपत आली तेव्हा बंधारा घालणाऱ्या जोडीनंच खालच्या घरांपर्यंत पाइप टाकायचं काम काढलं. पाच आठवडे. मावशींनी चिंचोका उचलून परत ढिगात टाकला. आम्ही टाळ्या वाजवल्या. इस्पिक लागलं. पहिलं पान, दुसरं पान, आणि तिसऱ्यालाच राजा. खेळ संपला. पाइपाच्या फाशावर दोन ठिपके उरलेले होते.

कोणी म्हणालं, "दोनच आठवडे गं, करू या की पुरं." पण वर्ष संपलं म्हणजे संपलं. पुढं पाऊस आला की नाही, हे त्या गोष्टीत कोणी सांगायचं नाही. आम्ही बराच वेळ त्या फाशाकडं बघत बसलो. मग एकजण म्हणाली, "बंधारा आखला तेव्हाच विचारलं असतं तर पाइपही तेव्हाच सुरू झाला असता." त्या दिवशी आमच्यातली कोणीच ह्याहून जास्त शहाणं बोलली नाही.

तुम्ही म्हणाल, नकाशा काढणं आपल्याला नवीन आहे का? नाही. संस्थांचे कार्यकर्ते गावात येतात, पारावर रांगोळीनं आणि खडूनं गावाचा नकाशा काढायला लावतात, विहिरी दाखवा, वस्त्या दाखवा म्हणतात. त्याला पीआरए म्हणतात. आपल्या देशात ती पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुजली आणि तिचा उपयोग फार झाला. पण तिथं गाव खरं असतं. बाजूला सरपंच उभे, दीर उभे, सासरे उभे. आपल्या घरापुढचा नळ कोरडा आहे हे सगळ्यांदेखत बोलायचं म्हणजे कोणावर तरी बोट ठेवल्यासारखं होतं. ह्या खेळात गाव खोटं असतं. तिथं मावशींनी कोणावर बोट ठेवलं नाही, नुसती चार घरं काढली. म्हणून आमचा एक नियम पक्का आहे: खेळात खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं नाही आणि खेळातलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. आज आम्ही जे सांगतोय ते मावशींना विचारून सांगतोय. त्या म्हणाल्या, "सांगा की, त्यात काय लपवायचंय."

खेळातून एक गोष्ट मात्र आम्ही बाहेर आणली, ती म्हणजे चर्चेचा नियम. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा आपल्या राज्यात कायदा आहे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत, २०११ पासून. पण पुष्कळ गावांत महिला सभा म्हणजे रजिस्टर घरी येतं आणि सही करून परत जातं. आमच्या गावातही तसंच चालत आलं होतं. ह्या वेळी आम्ही पंधराजणी मंदिराच्या ओट्यावर खरोखर बसलो. गोल करून बसलो. विषय एकच ठेवला, नळाची वेळ. प्रत्येकीनं एकदाच बोलायचं, दोन वाक्यं, मध्ये कोणी तोडायचं नाही. नेहमी बोलणाऱ्या चौघी-पाचजणींना पोटात कळा आल्यासारखं झालं, त्यात आम्हीही होतो. पण बाकीच्या दहाजणी बोलल्या. त्यातल्या तिघी म्हणाल्या, "आम्ही बोलणार आहोत हे आम्हालाच माहीत नव्हतं."

ते सगळं रजिस्टरात लिहून घेतलं आणि ग्रामसभेपुढं ठेवलं. नळाची वेळ बदलली का, असं विचाराल तर अजून नाही. पाण्याची लाइन खालून वर भरायची की वरून खाली, ह्यावर बोलणं चालू आहे. चिंचोके टाकून पाइप पुढं सरकत नाही, हे आम्हालाही कळतं. पण आता लाइनीच्या शेवटाला कोण आहे हे लिहिलेलं आहे, आणि त्याखाली पंधरा सह्या आहेत.

तुम्ही हा खेळ मांडणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिल्यांदा चौघीच बसा, आठजणींचा गोंधळ होतो. घटना तुमच्या तुम्ही लिहा, आमच्या उसन्या घेऊ नका. जिंतूरच्या डोंगराकडची घटना वेगळी असेल, गोदाकाठची वेगळी, आणि पूर्णेला रेल्वेच्या वसाहतीत बसलात तर आणखी वेगळी. त्या लिहिण्यातच अर्धी मजा आहे. फुलीची चिठ्ठी ठेवा. आणि खेळ संपला की लगेच उठू नका. कोणापुढं किती चिंचोके राहिले ते बघा, चहा घ्या, आणि जिच्यापुढं जास्त आहेत तिला आधी बोलू द्या.

पुरुषमंडळींना घ्यायचं का, असं एकीनं विचारलं होतं. घ्या की. आमच्यातल्या एकीनं घरी नवऱ्याला आणि दोन पोरांना घेऊन रात्री खेळ मांडला. नवऱ्यानं पहिल्याच पाळीला गावात ट्रॅक्टर आणला. धाकट्या पोरानं चिंचोका उचलला. त्याला खेळाचं मैदान पाहिजे होतं आणि ट्रॅक्टर नेमका तिथंच उभा होता. दुसऱ्या दिवशी तो बापाला म्हणाला, "पप्पा, मला विचारायचं राहिलं होतं." त्यांनी हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी अंगणातली मोटारसायकल एका बाजूला लावलेली दिसली, असं ती सांगत होती.

आमचा तो नकाशा आम्ही टाकून दिला नाही. गटाच्या पेटीत हप्त्याच्या वह्यांखाली ठेवलाय. पुढच्या वेळी नवीन कागद घेणार आहोत आणि ह्या वेळी पहिली खूण मावशी काढणार आहेत. चिंचेचा हंगाम आला की चिंचोके फोडून टाकू नका, मूठभर बाजूला ठेवा. तुमचं गाव कसं झालं ते आम्हाला नक्की कळवा.

येतो मग. नमस्कार.